छापण्याआधी वाचणारा माणूस

माझा एक लेख २०१९ साली छापून आला. पहिलाच, आणि आजपर्यंतचा एकुलता एक. विषय होता मंगळवेढ्यातील मुसलमानांची बोली. घरात आम्ही बोलतो ती दखनी, वर्गात मी शिकवते ती उर्दू आणि बाजारात, एसटीत, कचेरीत बोलते ती मराठी. दिवसभर या तीन भाषांत ये-जा करणाऱ्या बाईला आपल्या बोलीबद्दल काही सांगावेसे वाटले तर त्यात नवल नाही. बी.एड. करत असताना जमवलेले शब्द वहीत पडून होते. काही अम्मीने सांगितलेले, काही खालाने. ते नीट लावून मी बारा पाने लिहिली.

लेख पाठवायचा कुठे, हे ठाऊक नव्हते. एका ओळखीच्या सरांनी पत्ता दिला. पत्रिकेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द होता. लेख पाठवा, अठराशे रुपये भरा, एवढेच काम. चौथ्या दिवशी लेख स्वीकारल्याचे पत्र आले आणि आठव्या दिवशी प्रमाणपत्र. माझे माहेर गावातच आहे. अब्बा त्याच संध्याकाळी आले आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेऊन आले. पुढे मी ते एका शिक्षक पुरस्काराच्या अर्जालाही जोडले. पुरस्कार मिळाला नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या लेखात मी एक मुद्दा मोठ्या ठसक्यात मांडला होता. आम्ही 'मैंच जाती', 'वोच बोल्या' असे बोलतो. यातला जोर देणारा 'च' मराठीतून आलेला आहे. एवढे लिहून थांबले असते तर बरे झाले असते. पण पुढे मी लिहिले, की हे खास मंगळवेढ्याचेच वैशिष्ट्य आहे, कारण हे गाव पंढरीच्या शेजारचे, दामाजीपंतांचे आणि चोखोबांचे, आणि इथल्या मुसलमानांच्या जिभेवर संतांच्या मराठीचा संस्कार झालेला आहे. ते वाक्य मला इतके आवडले होते की मी ते दोन वेळा मोठ्याने वाचून पाहिले होते.

२०२१ साली माझी धाकटी जाऊ गुलबर्ग्याहून आमच्या घरात आली. तिला मराठी वाचता येत नाही. एका दुपारी ती भाकऱ्या थापत होती आणि मी तिला माझा लेख वाचून, सांगून दाखवत होते. त्या 'च'पाशी आले तशी ती हसायला लागली. पीठ लागलेला हात तोंडावर धरून म्हणाली, "भाभी, हमारे गुलबर्गे में बी ऐसाइच बोलते!"

तिच्या त्या 'ऐसाइच'मध्येच माझा सगळा सिद्धांत वाहून गेला. नंतर मी शोधले तेव्हा कळले, की गुलबर्गाच काय, थेट हैदराबादपर्यंत दखनी बोलणारे हा 'च' वापरतात आणि भाषा अभ्यासणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्याने दखनीवरचे एखादे पुस्तक चाळले आहे अशा कुणीही माझी ती ओळ अर्ध्या मिनिटात खोडली असती. अठराशे रुपये घेणाऱ्यांनी ती खोडली नाही, कारण त्यांच्यापैकी कुणी ती वाचलीच नव्हती. माझ्या जावेने ती भाकरी थापता थापता खोडली.

चूक माझी होती, हे आधी कबूल करते. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. छापण्याआधी वाचणारा माणूस म्हणजे नक्की कोण? त्याने हे काम कशासाठी करायचे? आणि त्याच्या त्या कष्टावर हक्क कुणाचा?

विद्वानांची खरी नियतकालिके कशी चालतात, हे मी त्यानंतर समजून घेतले. भाषाशास्त्राच्या एखाद्या चांगल्या पत्रिकेकडे लेख आला की संपादक आधी स्वतः तो वाचतो. तो पुढे नेण्यासारखा वाटला तर त्या विषयातले दोन-तीन जाणकार शोधतो. त्यांना लेखकाचे नाव सहसा कळू देत नाहीत आणि लेखकाला त्यांचे. पहिला जाणकार म्हणतो, वेळ नाही. दुसरा होकार देतो आणि दोन महिने गप्प बसतो. त्याला आठवण करायची, पुन्हा करायची, आणि तीही अशा शब्दांत की त्याला राग येऊ नये, कारण त्याला कुणी पगार देत नाही. शेवटी एकाचे मत येते, छापा. दुसऱ्याचे येते, हा लेख मुळातच चुकला आहे. आता संपादकाने ठरवायचे. लेखकाला कळवायचे, त्याचे दुखावलेले पत्र वाचायचे, सुधारलेला लेख आला की पुन्हा त्याच माणसांकडे पाठवायचा. एका लेखाला सहा महिने सहज जातात, कधी वर्षही जाते. असे कितीतरी लेख एकाच वेळी निरनिराळ्या टप्प्यांवर असतात. त्यातले पुष्कळसे शेवटी नाकारलेच जातात. म्हणजे संपादकाच्या वर्षातला मोठा भाग अशा कामात जातो ज्याची खूण छापील अंकात कुठेच नसते. शाळेत वह्या तपासणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आम्हाला महिन्याच्या शेवटी पगार असतो.

जाणकार लेख फुकट वाचतात. लेखक लेख फुकट देतो. संपादकाला मिळालाच तर किरकोळ मोबदला मिळतो. मग जे तयार होते ते कुणाचे? हा प्रश्न भाषाशास्त्राच्याच एका नियतकालिकाने २०१५ साली जगासमोर मांडला. 'लिंग्वा' हे नेदरलँड्समध्ये १९४९ साली सुरू झालेले नामांकित नियतकालिक. ते एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशन संस्थेच्या मालकीचे होते. लायडन विद्यापीठातील योहान रूरिक हे त्याचे प्रमुख संपादक. संपादकांनी संस्थेकडे मागणी केली, की लेख जगातल्या कुणालाही मोफत वाचता यावेत, लेखकाकडून घ्यायचे शुल्क ४०० युरोंहून जास्त नसावे आणि पत्रिकेचे नाव संपादकांच्या ताब्यात द्यावे. तेव्हा तिथे लेख सर्वांसाठी खुला करायचा तर लेखकाला १,८०० डॉलर मोजावे लागत. संस्थेने नकार दिला. तिचेही म्हणणे ऐकले पाहिजे: नियतकालिक उभे करण्यात, छापण्यात, जगभर पोचवण्यात आपला पैसा आहे, ते असे कुणाला कसे देऊन टाकायचे? तेव्हा सहाही संपादकांनी आणि संपादक मंडळाच्या ३१ सदस्यांनी राजीनामे दिले. २०१६ मध्ये त्यांनी 'ग्लोसा' नावाचे नवे नियतकालिक काढले, सर्वांना मोफत वाचता येणारे.

त्या पहिल्या वर्षाचा मी पुष्कळदा विचार करते. हातात काहीच नाही. सहासष्ट वर्षांचे नाव मागे राहिलेले. नव्या पत्रिकेला कसलाही क्रमांक नाही, मानांकन नाही. मुदत संपेपर्यंत जुन्या घरातली अर्धवट कामे उरकायची आणि त्याच वेळी नव्या घराच्या भिंती उभ्या करायच्या. बरोबर आले ते फक्त वाचणारे लोक. आणि तेवढे पुरले! लेखक आले, जाणकार आले, पत्रिका उभी राहिली आणि आजही ती चालू आहे. जुने नावही चालू राहिले, नव्या संपादकांच्या हाती. भाषाशास्त्राच्या जगात कुचेष्टेने त्याला 'झोंबी लिंग्वा' म्हणू लागले. आपल्याला झोंबी म्हटले की आनंद यादवांचे पुस्तक आठवते. इथे अर्थ चालत्या प्रेताचा आहे.

ही कुचेष्टा मला पूर्णपणे मान्य नाही. ज्यांनी जुन्या पत्रिकेचे संपादकपद घेतले, त्यांना संप फोडणारे म्हणणे सोपे आहे. पण एखाद्या तरुण संशोधकाचा विचार करा. त्याची नोकरी कायम व्हायची आहे, निवड समिती पत्रिकेचे नाव बघते आणि जुन्या नावाला अजून वजन आहे. त्याने लेख कुठे द्यावा? ज्यांच्या नोकऱ्या पक्क्या होत्या त्यांना तत्त्वासाठी नाव सोडणे परवडले. ज्याचे पोट अजून हातावर आहे त्याच्याकडून तीच अपेक्षा धरताना जरा थांबावे, असे मला वाटते. मात्र नव्या संपादकांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. सगळे घर एका मुद्द्यावर उठून गेलेले असताना, त्या रिकाम्या खुर्चीत बसताना, तो मुद्दा काय होता हे त्यांना ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. मोफत म्हणजे कुणीतरी पैसे भरलेले असतातच. 'ग्लोसा'चा खर्च सुरुवातीच्या वर्षांत नेदरलँड्समधील विद्यापीठांच्या संघटनेच्या आणि तिथल्या संशोधन-निधी संस्थेच्या मदतीने भागवला गेला. नंतर तो ग्रंथालयांनी मिळून चालवलेल्या एका व्यवस्थेकडे गेला. आमच्या गावाला हा हिशोब जुना आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार रयतेला खुले केले, ही आख्यायिका आमच्या मोहल्ल्यातली मुलेही सांगतात. पण धान्याची रक्कम बिदरच्या दरबारात भरावी लागली आणि ती विठू महार होऊन विठ्ठलाने भरली, हा गोष्टीचा दुसरा भाग आहे. कोठार उघडणाऱ्याचे नाव झाले. भरणाऱ्याचा हिशोबही गोष्टीने सांगितला आहे, हे मला त्यातले विशेष वाटते.

आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' नावाची योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. सरकारी विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्था यांना ती वाचायला मिळू लागली. चांगलेच झाले. पण शाळेतली शिक्षिका त्या भिंतीच्या बाहेरच राहिली. दखनीवरचा एक लेख मी वाचायला गेले तर आधी तीस-पस्तीस डॉलर भरा, असा निरोप आला. ज्यांच्या तोंडची भाषा त्यात लिहिली आहे त्यांनीच तो वाचायला आमच्या महिन्याच्या किराण्याचे पैसे मोजायचे, आणि तो लिहिणाऱ्याला त्यातला पैसाही मिळणार नाही. मग मी जे केले ते सगळेच करतात: लेखकाला पत्र लिहिले. त्याने दोन दिवसांत लेख पाठवून दिला.

हे सगळे परदेशातले, मोठ्या विद्यापीठांतले वाटेल. पण असले काम आपल्या मातीत झालेले आहे, आणि आपल्या लोकांना ते माहीत असायला हवे. मौलवी अब्दुल हक १९१२ साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि तिचा कारभार औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आला. ते स्वतः निजामाच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. तिथूनच १९२१ साली त्यांनी 'उर्दू' नावाचे त्रैमासिक सुरू केले. भाषा आणि साहित्य यांवरचे संशोधन छापणारे हे नियतकालिक मराठवाड्यातल्या एका शहरातून निघत होते. जुन्या दखनी कवींची हस्तलिखिते धूळ झटकून लोकांसमोर आली त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. याच गृहस्थांनी १९३३ साली मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर उर्दूत पुस्तक लिहिले. आणि उलट बाजूने पाहा. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' हे त्रैमासिक ज्यांनी उभे केले, त्या अशोक केळकरांनी १९६८ साली डेक्कन कॉलेजातून हिंदी-उर्दूवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. हिंदी आणि उर्दू मिळून एकच भाषा मानून तिला त्यांनी 'हिर्दू' असे नाव दिले. उर्दूचा माणूस मराठीकडे आणि मराठीचा माणूस उर्दूकडे इतक्या बारकाईने पाहत होता. आमच्या शिक्षक-खोलीत मी हे सांगितले तेव्हा कुणाला खरे वाटेना.

मौलवीसाहेबांचा एक छोटा लेख उर्दू वाचणाऱ्यांना परिचित असतो, नामदेव माळ्यावरचा. बीबी का मकबरा इथल्या बागेत काम करणारा हा माळी. मौलवीसाहेबांचे घर बागेच्या आवारातच होते आणि लिहिता लिहिता खिडकीतून तो त्यांना दिसत असे. एकेका झाडासमोर बसून त्याची पाने न्याहाळणारा, मागे सरून पुन्हा पाहणारा, दुष्काळात लांबून पाणी वाहून रोपे जगवणारा. त्याबद्दल बक्षीस देऊ केले तर त्याने ते घेतले नाही. आपल्याच लेकरांना वाढवण्याचे कसले बक्षीस, असा त्याचा भाव. त्याचा मृत्यूही कामावरच झाला, मधमाश्यांच्या हल्ल्यात. तो ज्या जातीचा होता तिला त्या काळी लोक अस्पृश्य मानत.

मी हा लेख अनेक वर्षे वाचत आले, आणि दर वेळी डोळे भरून आले. माझ्या लेखाची ही फजिती झाल्यावर मात्र मी तो वेगळ्या नजरेने वाचला. खिडकीच्या आत बसलेला माणूस दुसऱ्यांचे लेख तपासत होता आणि खिडकीबाहेरचा रोपे. दोघांचे काम एकच होते, दुसऱ्याचे वाढावे म्हणून आपली नजर खर्च करण्याचे. पण बक्षीस नाकारणाऱ्या माळ्याचे कौतुक करताना मला आता थोडी भीती वाटते. विनामोबदला कामाची थोरवी गाणारे आपण बहुतेक पगारदारच असतो. 'सेवा' हा शब्द आपण कुणाकडून मागतो? घरातल्या बाईकडून, अंगणवाडीच्या ताईकडून, मदरशातल्या गरीब मुदर्रिसकडून. नामदेवाने बक्षीस नाकारले हा त्याचा मोठेपणा होता. उद्या दुसऱ्या माळ्याला कुणी सांगितले, की तो बघ, त्याने नाही घेतले, तूही घेऊ नकोस, तर त्याच गोष्टीची वेठ होते.

'लिंग्वा'च्या लोकांचे भांडण मला याच ठिकाणी समजते. त्यांनी वाचायचे पैसे मागितले नव्हते. ते फुकट वाचत होते आणि पुढेही फुकटच वाचायला तयार होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आम्ही जे देतो ते कुणाला देतो हे आम्हाला ठरवू द्या. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपल्या दुकानात मांडून विकली तर ती चोरी नसली तरी खयानत असते. प्रकाशकाने कायद्याने काही चुकीचे केले असे मी म्हणत नाही. करारावर सह्या झाल्या होत्या. पण लिहिणारा, तपासणारा आणि वाचणारा हे तिघेही एकमेकांवर विश्वास ठेवून जे उभे करतात, त्याची किल्ली चौथ्याच्याच खिशात असावी, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्याकडे बोट दाखवणारी आहे. मला ज्यांनी अठराशे रुपयांत छापले ते आकाशातून पडले नाहीत. बढतीसाठी, गुणांसाठी छापील पाने मोजायला सुरुवात झाली आणि पाने पुरवणारी दुकाने निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकली. आपणच मान्य केलेली! मग पुण्याच्या विद्यापीठात कक्ष स्थापन करून 'केअर' नावाची नवी यादी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे जाहीर झाले. यादी करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण यादीला लेख वाचता येत नाही. शेवटी कुणीतरी बसून पानन् पान वाचावेच लागते, आणि ते काम आम्हा कुणालाच नको होते. मलाही नको होते. मला प्रमाणपत्र हवे होते. माझ्या लेखावर कुणी लाल शाई मारली असती तर मी रडले असते, रागावले असते, कदाचित पुन्हा लिहिलाच नसता. नाकारण्यात माया असू शकते, हे वर्गातल्या मुलांना रोज सांगणारी मी, स्वतःसाठी मात्र आठ दिवसांत होकार देणारे दुकान शोधले.

तो लेख अजून माझ्या नावावर आहे. काढून टाका म्हणून मी दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. उद्या कुणी विद्यार्थी दखनीवर काही शोधायला बसला आणि मंगळवेढ्याचा तो 'च' त्याने माझ्या भरवशावर उचलला, तर ते पाप कुणाच्या खात्यावर? लॅमिनेट केलेला कागद अब्बांच्या कपाटात आहे. त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही.

मागच्या महिन्यात शाळेतली एक नवी शिक्षिका माझ्याकडे आली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला आपा म्हणते. सोलापूरच्या विणकर मोहल्ल्यांतल्या शब्दांवर तिने लिहिले आहे: माग, धोटे, ताणा-बाणा यांच्याभोवतीचे शब्द. विषय माझ्यापेक्षा सरस आहे. म्हणाली, "आपा, तुमचा लेख जिथे छापला होता तो पत्ता द्या ना. किती घेतात हल्ली?"

पत्ता माझ्याकडे आहे. मी म्हणाले, आधी मला वाचायला दे.

त्याला आज अकरा दिवस झाले. रात्री मुले झोपल्यावर मी दोन-दोन पाने वाचते. विणकामातले शब्द मला येत नाहीत, म्हणून जावेच्या मामूंना गुलबर्ग्याला दोनदा फोन केला, ते पूर्वी मागावर होते. नवव्या पानापर्यंत आले आहे आणि पेन्सिलीच्या बावीस खुणा झाल्या आहेत. काल ती जिन्यात भेटली. "आपा, झाला का वाचून?" असे विचारताना तिचा चेहरा थोडा उतरलेला होता. अजून सात पाने बाकी आहेत.